ताटं किती आणायची?

आमच्याकडे पहिलीला येणारी बरीचशी पोरं एक ते वीस घडाघडा म्हणतात. काही तर पन्नासपर्यंत जातात. अंगणवाडीत ताईंनी, घरी आज्याने पाठ करून घेतलेलं असतं. शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यात 'गणनपूर्व तयारी'च्या टेबलापाशी आले, की पालक मोठ्या हौसेनं म्हणून दाखवायला लावतात. म्हणून झालं की मी चिंचोक्यांचं ताट पुढं सरकवते आणि सांगते, "यातले सात दे बरं मला." इथं घोडं अडतं. पोर मूठभर चिंचोके उचलून माझ्या हातावर ठेवतं आणि शाबासकीची वाट बघत उभं राहतं. मोजून दे म्हटलं, तर बोट चिंचोक्यांवरून फिरू लागतं, पण बोट आणि तोंड यांचा मेळ नसतो. एका चिंचोक्यावर 'तीन-चार' दोन्ही पडतात, दुसरा तसाच राहतो. आणि सात आल्यावर थांबायचं असतं, हे त्याच्या गावीही नसतं. चिंचोके संपेपर्यंत ते मोजत राहतं.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरातल्या एका द्विशिक्षकी शाळेवर आहे. पहिली-दुसरी माझ्याकडं, तिसरी-चौथी सरांकडं. गावातली निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जाणारी. तेव्हा दिवाळीपर्यंत जे पदरात पाडता येईल ते पाडायचं, असा आमचा हिशोब. गेल्या वर्षीच्या पहिलीत अकरा पोरं होती. त्यांना मोजायला कसं आलं, त्याची ही हकीकत.

जूनमध्ये मी फळ्यावर आकडे काढलेच नाहीत. पालकांना हे अजिबात रुचलं नाही. शेजारच्या गावातल्या इंग्लिश स्कूलची पिवळी गाडी आमच्याही वस्तीवरून जाते. तिथली ज्युनिअर केजीतली पोरं वन टू हंड्रेड लिहून वह्या भरतात आणि त्या वह्या दारोदार दिसतात. "मॅडम, आमचा कोरी पाटी घेऊन यायलाय रोज," हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलं. मी त्यांना दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं. दुसरं सांगणार काय? वहीत लिहिलेला ७ दिसतो, पण सात चिंचोके मोजून देता आले हे वहीत दिसत नाही.

मोजणं ही एकच गोष्ट नसते. गेलमन आणि गॅलिस्टेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली त्यातली पाच सूत्रं वेगळी करून दाखवली. सेवांतर्गत प्रशिक्षणात ती ऐकून आम्ही माना डोलावल्या होत्या. वर्गात ती डोळ्यांनी दिसतात. एका वस्तूला एकच नाव, नावांचा क्रम पक्का, आणि शेवटचं नाव म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, ही पहिली तीन. पोरांचा खरा खोळंबा करणारी जागा तिसरी. सहा खडे नीट मोजलेल्या पोराला लगेच विचारावं, "मग किती आहेत?" तर ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. त्याच्या लेखी 'सहा' हे शेवटच्या खड्याचं नाव असतं. उरलेली दोन म्हणजे मोजायला काहीही चालतं आणि कुठूनही सुरुवात केली तरी चालते. ती आमच्या पोरांना सांगावी लागली नाहीत. शेळ्या मोजणाऱ्याला कोपऱ्यातली शेळी आधी की दारातली, हा प्रश्न कधी पडत नाही.

क्रमाच्या बाबतीत एक गंमत झाली. एक पोरगा दरवेळी "लाभ, दोन, तीन, चार" असं मोजायचा. बाकीची खिदळायची. त्याचा आजा खळ्यावर ज्वारी मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. जुनी रीत आहे. पोरानं ती उचलली होती. मी त्याला मुळीच दुरुस्त केलं नाही. त्याचा क्रम पक्का होता, एका खड्याला एकच नाव होतं आणि विचारलं की "पाच हायेत" असं तो न मोजता सांगायचा. वर्गात सगळ्यात आधी मोजायला त्यालाच आलं.

पावसाळ्यात बाहेर जाता येत नाही तेव्हा आम्ही चल्लस-आठ खेळलो. दोन चिंचोके मधोमध फोडून त्यांच्या चार डाळींचा डाव करायचा, किती पांढऱ्या पडल्या ते बघायचं, चारही काळ्या पडल्या तर आठ घरं. या खेळात पोरं तीन पांढऱ्या मोजत नाहीत, त्यांना तीन दिसतात. चारापर्यंत डोळा मोजल्याशिवाय सांगतो. पुढं मात्र त्याला आधार लागतो. आणि सोंगटी पुढं सरकवताना 'आठ' म्हटलं की आठच घरं जायचं. चुकलं तर समोरचा सोडत नाही. मी वर्गात दहादा सांगून जे होत नाही, ते समोरच्या भिडूच्या एका आरोळीनं होतं.

आमच्या शाळेत गणितपेटी आहे. मण्यांच्या माळा, दशकाचे दांडे, खोट्या नोटा, सगळं आहे आणि चांगलं आहे. बऱ्याच शाळांत ती कपाटात असते, कारण साहित्य हरवलं तर जबाबदारी कुणाची हा प्रश्न येतो. आम्ही ती उघडली, पण उशिरा. सुरुवातीला चिंचोके, खडे, बाभळीच्या शेंगा पुरल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढं कोसबाडला आदिवासी पोरांसाठी बालवाड्या चालवल्या, त्याही आसपास जे मिळेल त्याच्यावरच. मॉन्टेसोरी पद्धतीचं साधन परदेशातून मागवायची सोय नव्हती आणि गरजही नव्हती.

पण खरी चाल आली ती खिचडीमुळं.

किचन शेड मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आहे. स्वयंपाक करणाऱ्या मावशी ताटं धुऊन तिथं रचून ठेवतात. जुलैत मी ठरवलं की पहिलीच्या ओळीला किती ताटं लागतात, हा निरोप रोज पहिलीतल्याच एकानं मावशींना द्यायचा. मावशींनी तितकीच ताटं द्यायची. कमी पडली तर त्यानंच पुन्हा जायचं, जास्त झाली तर परत नेऊन ठेवायची. मावशींना आधी हे पोरखेळ वाटलं. "मला म्हाईत हायेत की अकरा. कशाला हेलपाटा?" पण रोज अकरा नसतात. कुणी जत्रेला गेलेलं, कुणाला ताप, कुणी शेळ्यांमागं.

पहिले काही दिवस ताटं कधीच जुळली नाहीत. निरोप्या ओळीतल्या सगळ्यांना मोजायचा आणि स्वतःला विसरायचा. परत आला की एक ताट कमी, आणि ते नेमकं त्याचंच. ही चूक मी कधी दाखवून दिली नाही. भूक लागलेली असताना स्वतःचं ताट नाही, यापेक्षा चांगला शिक्षक मी होऊ शकत नाही. आठवड्याभरात प्रत्येकजण आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवून "एक" म्हणायला लागला.

मग अडचण आली मैदानाची. वर्गात 'नऊ' म्हणून निघालेलं पोर हापशापाशी कुणाशी तरी बोलतं, कुत्र्याला हाकलतं, आणि मावशींपुढं उभं राहून नुसतंच बघतं. यावर उपाय पोरांनीच काढले. एक जण बोटं धरून गेला. नऊ बोटं उभी धरून पळणं अवघड, आणि दहाच्या पुढं बोटंच नाहीत. एका मुलीनं ओळीतल्या प्रत्येकाकडून एक-एक खडा घेतला, फ्रॉकच्या ओच्यात घालून नेला आणि मावशींपुढं ओतला. एक खडा, एक ताट. तिनं एकही आकडा उच्चारला नाही आणि ताटं बरोबर आली. मला ती युक्ती फार आवडली. वर्गातही लगेच पसरली. पुढं कुणी तरी खड्यांऐवजी पाटीवर रेघा मारून नेल्या, कारण पाटी सांडत नाही.

रेघांवर मावशी चिडल्या. "अगं बाई, एवढ्या रेघा म्या कव्हा मोजायच्या? खिचडी गार व्हायलीय." त्यांचं बरोबर होतं. अकरा रेघा एका ओळीत काढल्या की नऊ कुठल्या नि अकरा कुठल्या, डोळ्याला कळत नाही.

त्याच दिवसांत त्या 'लाभ'वाल्या पोराचा आजा काही दाखला मागायला शाळेत आला होता. आमची रेघांची चर्चा त्यानं ऐकली. "पाचुंदे बांधा की," म्हणाला. कडब्याच्या पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा, वीस पाचुंद्यांचा शेकडा. ज्वारीच्या मुलखात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, कडबा विकला जातो तो याच हिशोबानं. आज्यानं खडू घेऊन पाच रेघा ओढल्या आणि त्यांच्या कमरेला आडवी रेघ मारली, पेंढ्या बांधल्यासारखी. मग दुसरा पाचुंदा, आणि शेजारी एक सुटी रेघ. "ह्ये अकरा. मोजायचं काय त्यात?" दुसऱ्या दिवशी मावशींनी पाटीवर नुसती नजर टाकून ताटं दिली.

इथंपर्यंत मी एकही अंक शिकवला नव्हता. ऑगस्ट सरत आला होता आणि रेघा काढून काढून पोरं कंटाळली होती. "मॅडम, एकाच खुणंत लिव्हता येत न्हाई का?" असं एकीनं विचारलं, तेव्हा मी फळ्यावर ५ काढला. अंक तेव्हा द्यावा, त्याची गरज पोराला वाटल्यावर. हे माझं मत आहे आणि ते सगळ्या शिक्षकांना पटत नाही. आमच्या सरांनाही पटत नाही. ते म्हणतात, आधी वळण लागू दे, अर्थ मागून येतो.

अंकओळख म्हणजे आकाराशी झटापट. बोटानं राखेत गिरवणं, ओल्या बोटानं पाटीवर काढणं, पाठीवर काढून ओळखायला लावणं, हे सगळं केलं. १ आणि ९ यांची अदलाबदल होतेच. ३ आणि ६ तर आरशातले भाऊ. पालकांना वाटतं पोराचं लक्ष नाही, पण तसं काही नसतं. पाच-सहा वर्षांपर्यंत पोरानं पाहिलेल्या सगळ्या वस्तू कुठल्याही बाजूनं त्याच राहिलेल्या असतात. कपाचा कान डावीकडं असो की उजवीकडं, कप तो कपच. तोंड फिरवलं की वेगळीच गोष्ट होते, हा अजब कारभार फक्त अक्षरांचा आणि अंकांचा. आमच्या वर्गाचं दार फळ्याकडं तोंड केल्यावर डावीकडं येतं आणि खिडकी उजवीकडं. "३ दाराकडं बघतो, ६ खिडकीकडं" एवढ्यावर काम भागलं. कुणी अडखळलं की आधी मान वळवून दार बघायचं आणि मग लिहायचं. पुढं सरांच्या वर्गात बसले की दार उजवीकडं येणार आहे, पण तोवर हात बसलेला असेल.

इंग्रजी आकड्यांची भर वेगळीच. रिमोट, मोबाइल, मोटरसायकलच्या पाट्या, सगळीकडं तेच. रिमोटवरचा इंग्रजी नऊ बघून एक जण ठामपणे 'एक' म्हणाला, आणि इंग्रजी आठ तर आपल्या चाराचा जुळाच. उलट बीडच्या गाड्यांवरच्या एमएच २३ मधले दोन आणि तीन दोन्ही लिप्यांत सारखेच दिसतात, त्यामुळं गाडीवरचा आकडा वाचल्याचा पहिला आनंद आमच्या पोरांना फुकटात मिळाला. शाळेपुढं उभ्या राहणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी मग वाचली जाऊ लागली. केंद्रप्रमुखांचीही.

शून्यासाठी मी पेरू खाल्ले-संपले छापाची गोष्ट सांगत नाही. हजेरीच्या फलकावर 'गैरहजर' असा रकाना असतो. त्यात रोज काही ना काही लिहिलं जायचं. ज्या दिवशी सगळे आले, त्या दिवशी रकाना मोकळा राहिला आणि वाद पेटला. लिहायचं राहिलं की कुणी गैरहजर नाही, हे बघणाऱ्याला कसं कळणार? मोकळ्या जागेला खूण हवी, हे पोरांनी मान्य केल्यावर गोल काढला.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी बेळगावकडं. आम्ही जाणाऱ्या पोरांना शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे कारखान्याच्या जवळच्या शाळेत त्यांना बसता यावं. किती बसतात, ते विचारू नका. काहींची सोय इथंच आजी-आजोबांकडं नाहीतर हंगामी वसतिगृहात होते. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली तेव्हा पहिलीत सहा पोरं होती. निरोप्या सवयीनं अकरा ताटं घेऊन आला. पाच उरली. ती परत नेताना त्यानं विचारलं, "मॅडम, अकरातून पाच गेले की सहाच राहत्यात का दरवेळी?" वजाबाकीचा पाठ मी हिवाळ्यात घेणार होते. तो असा आला. आणखी काही बोलत बसले नाही, सहा पोरांना चिंचोके दिले आणि अकराचे जितके तुकडे पडतात तितके पाडून बघायला सांगितलं.

वर्ग लहान झाला, तेव्हा निरोप मोठा केला. आता पहिलीनं सगळ्या शाळेची ताटं सांगायची. पट अडतीसचा होता, हंगामात तो चोविसाच्या आसपास आला. इथं पाचुंदे अपुरे पडले आणि दोन पाचुंद्यांची एक जुडी झाली. काड्यांना रबर लावून दहाची जुडी, सुट्या काड्या वेगळ्या. दशक-एकक हे शब्द नंतर आले. दोन जुड्या चार सुट्या, म्हणजे २४. जुड्या डावीकडं, सुट्या उजवीकडं, आणि काड्यांच्या खालीच अंक लिहायचे.

तरीही एक पोर निरोपाच्या चिठ्ठीवर पंचवीसचे ५२ लिहून घेऊन गेलं. मावशी धावत आल्या, "पाव्हणे येणारेत का?" पोराची चूक कानाची होती. 'पंचवीस' ऐकताना आधी पाच ऐकू येतो, मग वीस. ऐकलं त्या क्रमानं लिहिलं. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असंही वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. विधिमंडळापर्यंत टिंगल पोचली. गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या, आणि दक्षिणेतल्या भाषांत आधी दशक मग एकक असंच बोलतात, हे त्यांनी तेव्हा शांतपणे सांगितलं होतं. आमच्याकडं बेळगावच्या फडावर हंगाम काढून आलेल्या आयांना हे पुस्तकाशिवाय माहीत आहे. कानडीत एकवीसला 'इप्पत्तोंदु', आधी वीस. मला त्या वादात विनोद करण्यासारखं काही दिसलं नाही. मी आजही 'वीस पाच, पंचवीस' असं जोडीनंच म्हणून घेते, आणि पोरं महिन्या-दोन महिन्यांत पहिलं शेपूट आपोआप गाळतात. भाषा काही बुडत नाही.

'एकोण'चं दुखणं मात्र वेगळं. अठ्ठावीसनंतर एकदम तिसाचं नाव येतं आणि पोरं गोंधळतात, अजून तीस झालेच नाहीत तर तिसाचं नाव कसं? तीन जुड्या ठेवून त्यातली एक काडी काढली की एकोणतीस, हे करून दाखवल्यावर त्यांना नियम सापडला. मग तो नियम त्यांनी शेवटपर्यंत नेला आणि नव्याण्णवला 'एकोणशंभर' म्हणायला लागली. एकोणनव्वद चालतं तर एकोणशंभर का नाही, याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. लोक तसं म्हणत नाहीत, एवढंच सांगितलं.

मार्चअखेर टोळ्या परतू लागल्या. बेळगावकडून आलेली एक मुलगी अंक जवळजवळ विसरली होती. ७ काढायला सांगितला तर पाटीकडं बघत राहिली. मी काड्यांचा ढीग पुढं ठेवला आणि किती ते विचारलं. तिनं दोन्ही हातांनी पाच-पाच काड्या बाजूला सारत "पाच, धा, पंधरा, वीस" असं भराभर चाळीसपर्यंत मोजलं आणि वरच्या तीन सांगितल्या. आई फडावर वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या विकायची आणि ही त्या मोजून द्यायची. चार महिने वर्गात बसलेल्या सहाही पोरांपैकी कुणाला एवढ्या वेगानं पाचाच्या पटीत मोजता येत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून निरोपाला तिला धाडलं. अंक तिला पंधरवड्यात परत आले, कारण ते कशासाठी असतात हे ती विसरलेली नव्हती. फडावरून आलेल्या सगळ्याच पोरांचं असं होत नाही, हेही सांगायला हवं. दोघं जण दिवसभर पालावर धाकट्या भावंडांना सांभाळत होते. त्यांना चिंचोक्यांपासून पुन्हा सुरुवात करावी लागली.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाच्या लक्ष्याप्रमाणं पहिलीच्या शेवटी नव्याण्णवपर्यंत वाचन-लेखन यायला हवं. एप्रिलमध्ये केंद्रप्रमुख आले तेव्हा सात पोरं तिथवर पोचली होती, दोन पन्नासच्या अलीकडं होती आणि पालावरची दोघं विसापर्यंत. साहेबांनी एकाला सत्तेचाळीस लिहायला सांगितलं. त्यानं हवेत चार जुड्या ठेवल्यासारखा हात केला, मग सात, आणि ४७ लिहिले. "हे हातवारे बंद करा आता," साहेब म्हणाले. मी हो म्हटलं. बंद केले नाहीत. दुसरीत हातचा येईल, तेव्हा तेच हातवारे लागणार आहेत.

एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांवर अर्धा वर्ग अजून अडखळतो. पालावरच्या त्या दोघांच्या आज्यांकडं सुटीसाठी चिंचोक्यांची पिशवी आणि काड्यांच्या जुड्या देऊन ठेवल्या आहेत. मावशींना सांगितलं आहे, की जूनमध्ये नवीन पहिली आली की काही दिवस ताटं पुन्हा चुकतील.